वेढे

पिकअप म्हटलं की इथे आधी टोयोटा उभी राहते.
"बदलायचाय, मानेजवळचा," मी फोनवर म्हणालो
तर शिबू म्हणाला, कुठे ठोकलीस? पोलीस आले का?

मानेजवळचा म्हणजे
जिथे गिटारची मान धडाला मिळते, तिथला.
तिथे तार ऐसपैस हलते,
आवाज गोल येतो, जेवून उठल्यासारखा.
मागचा, ब्रिजजवळचा, नुसता खेकसतो.
माझा पुढचा इतका पुटपुटायचा
की एल्विनच्या एका झांजेखाली
अख्खा सोलो बुडून जायचा
आणि कुणाला पत्ता लागायचा नाही.

गुदैबियात, कोल्ड स्टोअरच्या वर, रोडेलचं दुकान.
काचेवर त्याने तीन मांडले, बाजारात मासे मांडतात तसे:
साडेआठ किलोओहमचा, चंदेरी झाकणाचा;
बाराचा;
आणि सोळाचा, सिरॅमिक चुंबक, काळा, उघडा.
मी खिशातून मल्टिमीटर काढला.
हिद्दच्या प्लांटवर दिवसभर समुद्राचं मीठ मोजतो,
बावीस दिनार द्यायच्या आधी तांबं मोजू नये?
पंधरा पॉइंट नऊ.
रोडेल हसला. आकडा वाजवणार का, सर?

रात्री बाबांना फोन लावला.
इचलकरंजीत चाळीस वर्षं त्यांनी
लूमवाल्यांच्या जळक्या मोटरी भरल्या.
वार्निशचा वास हातांना, हातांचा भाकरीला.
वेढे मोजताना बोलायचे नाहीत.
हाक मारली तर फक्त एक बोट वर.
सहलीचे पैसे, प्रगतिपुस्तकावरची सही,
दारात आलेला पाहुणासुद्धा
त्या बोटापलीकडे थांबायचा.

"वेढं किती?"
सात-आठ हजार असतील.
"तार?"
केसाहून बारीक.
"आणि फिरवतंय काय ते?"
काहीच नाही, बाबा. वर एक तार थरथरते, हे ते ऐकतं.
बराच वेळ त्या बाजूला नुसता पंखा.
मग म्हणाले, "म्हंजे उलटी मोटर की रं."
आणि आणखी थोड्या वेळाने:
"जागा तेवढीच, वेढं जास्ती.
लूमवाला बी हेच मागायचा. जोर द्या, जोर द्या.
जोर येतो. पर गळा जाड हुतो."

तरी सोळाचाच घेतला.
बापाचं ऐकणारा असतो
तर बहरीनला कशाला आलो असतो?

गुरुवारी रात्री एसी बंद करून डाग दिला,
वाऱ्याने सोल्डर धरत नाही म्हणून.
पलंगावर वर्तमानपत्र, त्यावर गिटार, पोट उघडं.
कपाळावरचा घाम दोनदा तिच्यात पडला.
खालच्या पलंगावरून सादिक झोपेतच म्हणाला,
भाई, काय जळतंय?

शुक्रवारी पहिला कॉर्ड मारला
आणि एल्विन थांबला. ऐकू आलास, म्हणाला.
शिबू म्हणाला, हो, पण बेस मी वाजवतो ना?
खरं होतं. खालची तार म्हशीसारखी पाण्यात बसलेली,
वरच्या दोघी तिच्या पाठीवर कुठेतरी.
जोर होता. गळा नव्हता.

मग स्क्रूड्रायव्हर घेतला.
कडेचे दोन स्क्रू, पिकअप तारांपासून खाली न्यायचा,
अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे,
एक, दीड,
शिबूने काहीतरी विचारलं,
माझं बोट आपोआप वर गेलं.
अडीच. तीन.
साडेतीनला म्हैस उठून उभी राहिली.

किती घेतला जोर नि किती परत दिला
याचा हिशेब केला तर बाराचाच पुरला असता.
नऊ दिनार वाचले असते.
रोडेलला हे सांगणार नाही.

रात्री चाळीस सेकंद रेकॉर्ड करून पाठवलं,
फक्त पुढचा पिकअप, फक्त मी.
एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना
बोटं तारेवर घासतात, तेसुद्धा त्यात आलेलं.
सकाळी शिफ्टच्या बसमध्ये बाबांचं उत्तर आलं:

"मोटर चांगली भरलीया.
मधीच बेअरिंग घासतंय.
तेल दे."